१४ नंबरचं पाकीट आणि हरवलेला चौबगला

शेजारच्या आजींनी ड्रेस बेतायच्या जुन्या कागदी पॅटर्नचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, ‘‘हे १४ नंबरचं आहे. नातीला ढगळ होईल, तेवढं आत घे.’’

नात दुकानातून ६ नंबरचे कपडे आणते. त्यामुळे ६ कुठे आणि १४ कुठे, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात तो ड्रेस पाकिटातल्या कागदाबरहुकूम शिवला असता, तर छातीत चार इंच कमी पडला असता आणि बाजूची चेन कमरेवरच अडकून बसली असती. हे लगेच लक्षात यायला मी काही मोठी तज्ज्ञ नाही. दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी असाच एक जुना पॅटर्न कापून मी चांगलं कापड वाया घालवलं होतं, म्हणून या वेळी टेप आधी हातात घेतली, एवढंच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी मिरजेच्या शिवणक्लासात शिकलेली. ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस, मुलींचे फ्रॉक हे डोळे मिटून जमतं, पण ते सगळं अंगाची मापं घेऊन ब्राऊन पेपरवर आखून. दुसऱ्या कुणीतरी आखून ठेवलेला कागद पाकिटातून काढायचा आणि त्यावर विश्वास ठेवून कापड बेतायचं, ही सवय इथे आल्यावर लागली. आजींचं काम असं होतं: त्यांच्या आईने या पाकिटावरून स्वतःसाठी ड्रेस शिवला होता. त्यातला एक फोटो भिंतीवर आहे, ड्रेस मात्र केव्हाच गेला. जूनमध्ये आजींच्या वाढदिवसाचं जेवण होतं आणि नातीने तोच ड्रेस घालून यावं अशी इच्छा. हातात पाच आठवडे. अट एकच: मूळ कागदाला कात्री लावायची नाही, टाचणीसुद्धा नाही.

पाकिटात काय निघालं

पाकीट ॲडव्हान्स कंपनीचं. १९३३ पासून हे पॅटर्न जेसी पेनीच्या दुकानांतून विकले जात, आणि साठच्या दशकात ही कंपनी बंद पडली. किंमत ३५ सेंट. साल कुठेही नाही. पुढच्या बाजूला रंगवलेल्या दोन बाया, मुठीत मावेल अशी कंबर, पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट, छोटी कॉलर आणि कोपराखाली संपणारी बाही. बाही वेगळी जोडलेली नाही, खांद्यापासून अंगातच कापलेली. शिवणक्लासात जिला मग्यार बाही म्हणतात, ती. पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने आजींच्या आईची नोंद: उंची एक इंच कमी.

आत सूचनांचं पान आणि कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदाच्या घड्या, दुधाच्या चहाच्या रंगाच्या. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून एकेक घडी उलगडली. कागदावर शाईचा एक ठिपकाही नाही, एक अक्षर नाही. नुसती भोकं.

नवख्या माणसाचा धीर इथेच सुटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एबेनेझर बटरिक या मॅसॅच्युसेट्समधल्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक दशकं घरोघरी जाणारे पॅटर्न असेच कोरे असायचे. कागदांची थप्पी एकदम कापायची आणि खुणांच्या जागी भोकं पाडायची. मॅकॉल कंपनीने १९२०च्या सुमारास रेघा छापलेले कागद आणले आणि त्याचं पेटंट घेतलं. बाकीच्या कंपन्या बराच काळ भोकांवरच राहिल्या, काही तर थेट पन्नाशीच्या दशकापर्यंत. भोकांची भाषा एकदा कळली की अवघड नाही. एका ओळीत दूर दूर असलेली मोठी भोकं म्हणजे कापडाचा उभा धागा. कडेला चिकटून असलेली म्हणजे ही कड कापडाच्या घडीवर ठेवा. बारीक भोकांच्या जोड्या म्हणजे टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी कापडाला शिवायच्या चिमट्या. काठाला दिलेले छोटे चिरे एकमेकांशी जुळवायचे. प्रत्येक तुकड्याची ओळख सांगणारं अक्षरही भोकांनीच पाडलेलं. कुठलं भोक कशासाठी, हे सूचनांच्या पानावर दिलेलं असतं. पान हरवलं असेल तर मात्र डोकं लावावं लागतं.

मला स्वतःला ही भोकं आवडतात. भरतकामाचं डिझाइन कापडावर उतरवताना बटर पेपरला सुईने भोकं पाडून वरून रॉकेलात कालवलेल्या नीळ-पावडरचा बोळा फिरवतात ना, तोच प्रकार. खडू सरळ भोकातून खाली उतरतो. छापील कागदावर खूण करायला तो आधी टोचावा लागतो. इथे टोचून ठेवलेलाच आहे.

थप्पीने कापण्याचा तोटा असा की वरचा आणि खालचा कागद एखाद्या सुताने (इंचाच्या आठव्या भागाने) इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून डावं-उजवं, पुढचं-मागचं अशा जुळणाऱ्या कडा आधी टेपने मोजून घ्याव्यात. माझ्या पाकिटात खांद्याच्या शिवणीत फरक पडला नाही, बाजूच्या शिवणीत एका सुताचा निघाला.

सूचनांच्या पानावर ११ तुकड्यांची यादी होती. टेबलावर १० भरले. कॉलर होती, गळ्याच्या आतली पट्टी होती, खिसासुद्धा होता. नव्हता तो सगळ्यांत लहान तुकडा, बगलेत बसवायचा शंकरपाळ्याच्या आकाराचा. पाकीट झटकून पाहिलं, आजींनी कपाट धुंडाळलं. मिळाला नाही. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी १४ चा घोळ निस्तरू.

एकच १४, तीन छात्या

पाकिटाच्या मागे मापांचा तक्ता होता: १४ नंबर, छाती ३२ इंच, कंबर साडेसव्वीस, सीट ३५. नातीची मापं मी स्वतः घेतली: ३६, २९, ३९.

१९५६ पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या पॅटर्न कंपन्यांचा १४ नंबर म्हणजे छाती ३२. त्या साली तक्ता बदलला आणि १४ म्हणजे ३४ झाली. १९६८ मध्ये पुन्हा बदलला आणि १४ म्हणजे ३६. आजही कापडाच्या दुकानात नवीन पाकीट घेतलं तर १४ नंबरला ३६च छाती असते. म्हणजे आजींच्या नातीला १४ नंबर लागतो हे खरंच, पण आजच्या पाकिटातला. आईच्या पाकिटातला तिला १८ लागला असता. दुकानातल्या तयार कपड्यांची गाडी वेगळ्याच रुळावरून गेली. तिथे गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तेच माप वर्षागणिक लहान आकड्याने विकलं गेलं, आणि ३६ छातीची मुलगी ६ नंबरवर येऊन बसली. हे तीन तक्ते एकमेकांशी बोलतच नाहीत.

या आकड्यांच्या मागे एक मोठी मोजणीही आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने (हो, शेती खात्याने, गृहविज्ञान त्यांच्याकडेच होतं) सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी ती १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली गेली. त्या मोजणीच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांसाठी सरकारी प्रमाण निघालं. ते पाळणं कुणावर बंधनकारक नव्हतं आणि हळूहळू कुणी पाळलंही नाही. आमच्या मिरजेच्या बाई म्हणायच्या, ‘‘नंबर दुकानाचा असतो, माप बाईचं असतं.’’ बाईंनी हे सगळं वाचलेलं असण्याची शक्यता शून्य.

या तक्त्याचा दुसरा उपयोग म्हणजे पाकिटाचं वय काढणं. १४ ला ३२ छाती, म्हणजे १९५६ च्या आधीचं. इतका घेर आणि इतकी उंची, म्हणजे युद्धानंतरचं. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने एल-८५ नावाच्या हुकमाने बायकांच्या कपड्यांतला घेर, उंची, दुमड यांवर मर्यादा घातल्या होत्या आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर दिओरने भरघोस घेराचे कपडे आणल्यावर सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. म्हणजे १९४७ ते ५६. यापुढे नंबरांवरून जायचं. ऱ्होड आयलंड विद्यापीठात जुन्या पॅटर्नचा एक मोठा संग्रह आहे, कमर्शियल पॅटर्न आर्काइव्ह. तिथले त्याच कंपनीचे आगेमागे नंबर असलेले पॅटर्न पाहून मी १९५२ च्या आसपास पोचले. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘बरोबर. मी चौथीत होते. खिशात आईने पेपरमिंट ठेवलेलं असायचं.’’ हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

सालाने शिवणाऱ्याला काय फरक पडतो? पडतो. १९५२ च्या बाईच्या अंगात या ड्रेसखाली पोट आवळणारा गर्डल आणि टोकदार, वर उचललेली ब्रा होती. कागद त्या अंगावर बेतलेला आहे. नात यांतलं काहीच घालत नाही. म्हणजे छातीचा बिंदू खाली येणार आणि कंबरेला दाबून घेण्याची मुभा नाही. हे दोन्ही वहीत लिहून ठेवलं.

कागद मोजला

इस्त्री अगदी मंद, वाफ बंद, कागदावर सुती रुमाल, आणि घड्या मोडून घेतल्या. मग डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर अंथरतात त्या कागदाचा रोल आणून त्याच्यावर सगळे तुकडे उतरवले. स्वस्त असतो, लांबच लांब असतो आणि खालचं दिसतं. टाचणीऐवजी वजनं ठेवली: मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या, भरलेल्या. भोकं एकेक करून पेन्सिलीने. दोन रात्री गेल्या. त्यानंतर मूळ कागद पाकिटात आणि पाकीट कपाटात.

नकलेवर पहिलं काम म्हणजे शिवणी वजा करून कागदच मोजायचा. इथे एक खड्डा आहे. आजच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये शिवणीची माया (कडेला सोडलेलं जादा कापड) सगळीकडे ५/८ इंच धरलेली असते आणि हात त्यालाच सरावतो. या पाकिटात अर्धा इंच होती. बाजूच्या शिवणींच्या चार कडांना एक-एक सूत जास्त शिवलं की ड्रेस अर्धा इंच आवळतो, आणि तेवढ्याने चेन ताणते. कागदाची छाती भरली साडेपस्तीस. म्हणजे ३२ च्या अंगाला साडेतीन इंच सैलपणा. अंगातच कापलेल्या बाहीला तेवढा लागतोच, नाहीतर हात पुढे केला की पाठ ओढते. कमरेला कागद साडेसत्तावीस, म्हणजे फक्त एक इंच सैल.

वाढ ठरली: छातीला चार इंच, कमरेला अडीच. सीट मोजायची गरज नाही, स्कर्टचा घेर तिथे केव्हाच मोकळा झालेला.

चार इंच म्हणजे प्रत्येक पावात (अंगाच्या चौथ्या भागात) एक. आपल्या ब्लाऊजच्या सवयीने हात आपोआप बाजूच्या शिवणीकडे जातो: इथेच इंच वाढवा आणि मोकळे व्हा. तसं केलं तर खांदा जुन्याच मापाचा राहतो, टक्स बगलेकडे पाहत बसतो, आणि मग्यार बाहीत तर बाहीची खालची रेघच बिघडते. म्हणून अर्धा इंच बाजूला दिला आणि अर्धा इंच खांद्याच्या मध्यापासून कमरेपर्यंत कागद उभा चिरून, फाकवून, खाली दुसरा कागद चिकटवून दिला. कमरेला पावामागे ५/८ इंचच हवा होता. जे ३/८ जास्त आले ते टक्समध्ये खाल्ले. छातीचा टक्स एक इंच खाली उतरवला.

पहिली चाचणी मांजरपाटावर. इथल्या दुकानात ‘मस्लिन’ मागितलं की मिळतं ते आपलं मांजरपाट. आपल्या मलमलीशी त्याचा काही संबंध नाही. इंग्लंडात त्यालाच कॅलिको म्हणतात, कालिकतवरून. जुन्या कापडांची नावं अशी भलत्याच कापडावर जाऊन बसलेली. असो. कच्च्या टाक्यांनी अंग जोडलं, नातीला घातलं. कंबर बरोबर, खांदा बरोबर, छाती जरा सैल पण चालेल. ‘‘हात वर कर,’’ म्हटलं. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. अजून वर नेला तसा अख्खा ड्रेस कमरेतून वर उचलला गेला. हरवलेला तुकडा कशासाठी होता, ते मांजरपाटाने दाखवून दिलं.

बगल

अंगात कापलेली बाही जितकी अंगालगत बसवावी तितका हात अडकतो. सैल वटवाघळी बाही असेल तर प्रश्न नाही, पण पन्नासच्या दशकाला बगलेपासून कमरेपर्यंत सगळं आखीव हवं होतं. त्यावरचा उपाय म्हणजे बगलेच्या कोपऱ्यातून अंगात तिरकी फाट द्यायची, पुढे एक, मागे एक, आणि त्या उघडलेल्या जागेत कापडाचा तुकडा बसवायचा. कागदावर फाटीची बारीक भोकं होती. तुकडा मात्र नव्हता. सूचनांच्या पानावर त्याचं बोटाच्या पेराएवढं चित्र होतं, माप नाही.

मी मावशीला फोन लावला. तिने चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, मशीन अजून पायाचंच. फोन उभा करून कागद दाखवला.

‘‘अगं, हा चौबगला आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुझ्या आजोबांच्या झब्ब्याला नव्हता का? बगलेत चौकोनी कळी. त्याशिवाय हात वर होतोय होय?’’

‘‘मावशी, पण तो किती मोठा घ्यायचा?’’

‘‘फाट किती आहे? फाटीएवढी बाजू. दुसरं काय असणार?’’

इतकं सरळ होतं. फाट उघडली की पुढच्या दोन कडा आणि मागच्या दोन कडा मिळून चार बाजूंचं भोक तयार होतं. त्यात बसणाऱ्या तुकड्याच्या चारी बाजू फाटीएवढ्या हव्यात. कागदावर फाट चार इंच, बगलेकडची अर्ध्या इंचाची शिवण वजा जाता साडेतीन. मापं वाढवताना मी फाटीचं टोकही बाहेर सरकवलं होतं, त्यामुळे लांबी तीच राहिली होती. म्हणून साडेतीन इंचांचा चौकोन, भोवती अर्धा इंच माया.

मावशीचा चौकोन मांजरपाटात बसवला. हात सुर्रकन वर गेला. खाली आणल्यावर मात्र बगलेत कापडाचा बोंगा जमला. झब्ब्यात तो कुणी पाहत नाही, झब्बा असतोच घोळदार. या ड्रेसमध्ये तो बाजूने दिसत होता. चौकोनाचा कर्ण जवळजवळ पाच इंच, म्हणजे बगलेत पाच इंच जादा कापड. चित्र पुन्हा पाहिलं. त्यातला आकार चौकोन नव्हताच, लांबट होता. मग बाजू साडेतीनच ठेवून आडवं अंतरही साडेतीन घेतलं: दोन समभुज त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवावेत तसा. लांबीत सहा इंच झाला. कंपासने दोन मिनिटांत निघतो. आता हात डोक्यापर्यंत जातो आणि खाली आल्यावर बगल सपाट राहते. टाळी वाजवायला किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला एवढा पुरे. बॅडमिंटन खेळायचं असेल तर मावशीचा चौकोनच बरा.

शिवताना खरा जीव फाटीच्या टोकावर असतो. तिथे माया शून्य होते, आणि ओढ सगळी त्याच बिंदूवर येते. मांजरपाटात मी आळस करून आधी फाट दिली, मग टीप मारली. दुसऱ्यांदा हात वर केला तेव्हा टोक उसवून अर्धा इंच आत गेलं. खऱ्या कापडावर क्रम असा ठेवला: टोकावर सुलट बाजूने दीड इंचाचा ऑर्गंडीचा (पातळ, कडक सुती कापडाचा) चौकोन ठेवला. फाटीच्या दोन्ही बाजूंनी अगदी बारीक टीप मारली, टोकाशी सुई खाली ठेवून, मशीनचा दाबपाय उचलून, एक टाका आडवा घेऊन परत फिरले. तो एक आडवा टाका महत्त्वाचा, त्याने टोकाला श्वास घ्यायला जागा मिळते. मग टिपेपर्यंत, म्हणजे शेवटच्या धाग्यापर्यंत, टोकदार कात्रीने फाट दिली आणि ऑर्गंडी उलट बाजूला वळवून इस्त्री केली. टोकाला आता स्वतःची माया मिळाली, ऑर्गंडीची. त्यानंतर बगलेची आणि बाजूची शिवण, आणि शेवटी चौबगला, एका वेळी एक बाजू, प्रत्येक टोकाशी थांबून, धागे हाताने गाठ मारून. घाईत चारी बाजू एकदम फिरवायच्या नाहीत.

उजवी बगल छान बसली. डावीकडे मागच्या टोकाला एक चुणी राहिली. दोनदा उसवली, तिसऱ्यांदा उसवली असती तर कापडच विरलं असतं, म्हणून तशीच सोडली. हात वर केल्याशिवाय दिसत नाही आणि दिसली तरी शिवणाऱ्यालाच दिसते.

बाकीचं

कापड हातमागाचं सुती, गडद निळं, मागच्या खेपेला पुण्याहून आणलेलं. ३६ इंची पन्हा. इथे कापड ४४ किंवा ६० इंची मिळतं, आणि ३५ इंची पन्ह्यासाठी काढलेली पाकिटावरची मांडणी त्यावर लागू पडत नाही, सगळी नव्याने लावावी लागते. माझ्या हातमागाला ती जशीच्या तशी लागू पडली. पाकिटाने साडेचार यार्ड सांगितलं होतं, वाढलेल्या मापाला साडेचार मीटर लागलं, म्हणजे साडेचार यार्डांपेक्षा जवळपास अर्धा यार्ड जास्त. आधी रात्रभर पाण्यात भिजवून सुकवलं. निळा रंग दोन पाणी गेला.

चेन डाव्या बाजूच्या शिवणीत, चौबगल्याच्या खालून सुरू होऊन कमरेखाली सीटपर्यंत. नातीला पाठीमागे हवी होती, सवयीने. पण पाठ घडीवर कापलेली, तिथे शिवणच नाही. चेनसाठी पाठ मधोमध कापायची म्हणजे माझ्या मते पॅटर्नचा गळाच कापणं. बाजूच्या चेनचा ड्रेस डोक्यावरून घालायचा असतो, आधी हात, मग डोकं, हे तिला एकदा शिकवावं लागलं.

स्कर्टला कळ्या आहेत आणि त्यांच्या कडा तिरक्या, उरेब. असा घेर शिवून लगेच दुमडला तर आठवड्याभरात उरेब भाग लोंबतो आणि खालची कड लाटेसारखी होते. म्हणून दोन दिवस हँगरला टांगून ठेवला. मग नातीला टेबलावर उभं केलं, जेवणाच्या दिवशी घालायचे तेच बूट घालून, आणि जमिनीपासून नव्हे तर टेबलापासून पट्टीने १४ इंचांवर खडूची खूण करत भोवती फिरले. दोन ठिकाणी सव्वा इंच फरक निघाला. तो कापून टाकला आणि हाताने हेम घातली.

मोजून एकतीस तास गेले. त्यातले जवळजवळ दहा कापड हातात घेण्याआधीचे, आणि पाच एकट्या चौबगल्याचे.

पाकीट परत देताना आजी म्हणाल्या, त्यांच्या आईच्या नोंदीखाली मीही लिहावं. मी पेन्सिलीने लिहिलं: छाती ३६ साठी वाढवला, शिवण अर्धा इंच, टक्स एक इंच खाली. हरवलेल्या तुकड्याच्या जागी ब्राऊन पेपरचा नवीन कापून आत ठेवला. त्याला अक्षर म्हणून भोकं पाडायला माझ्याकडे साधन नव्हतं, म्हणून वर देवनागरीतच लिहिलंय, चौबगला, आणि खाली बाजूचं माप.

धाकट्या नातीनेही आता विचारलंय. तिची छाती ४१ आहे. तेवढी वाढ एकदम फाकवून चालत नाही, अंग नव्याने आखावं लागेल. पण फाट साडेतीन इंच ठेवली तर तुकडा तोच लागेल.